मामाल ते मावळ : मळवली परिसरातील धार्मिक समुदायस्थळांची शासकीय मान्यता आणि जतन

प्रस्तावना

मुंबई-पुणे लोहमार्गावरील मळवली हे लहानसे स्थानक आहे. स्थानकाच्या उत्तरेस कार्ल्याचा डोंगर, दक्षिणेस भाजे गाव, त्याच्या माथ्यावर लोहगड व विसापूर हे जोडकिल्ले. पूर्वेस कामशेतच्या बाजूला बेडसे आणि पाले. एवढ्या मर्यादित टापूत बौद्ध भिक्षुसंघाची निवासस्थाने, प्राचीन जैन लेख, कोळी समाजाचे आराध्य दैवत असलेली एकवीरा आणि मध्ययुगीन दुर्ग असे भिन्न काळांचे, भिन्न समुदायांचे अवशेष एकमेकांस खेटून उभे आहेत. यांपैकी बहुतेक स्थळांना आज केंद्र शासनाचे संरक्षण लाभले आहे.

हे संरक्षण नेमके कशाला लाभले आहे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. कातळाला, कलाकृतीला, की त्या कातळाभोवती ज्याचे धार्मिक जीवन गुंफलेले होते वा आहे त्या समुदायाला? हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. चैत्र महिन्यात एकवीरेच्या पालखीसाठी कोकणपट्टीतून येणारे भाविक आणि चैत्यगृहातील स्तूपासमोर हात जोडून उभे राहणारे बौद्ध उपासक यांचे हक्क कोठे सुरू होतात व कोठे संपतात, हे ठरविण्याची वेळ प्रशासनावर वारंवार येते. त्यासाठी त्याच्या हाती असलेली साधने तोकडी आहेत. विशेष म्हणजे याच डोंगरावर, याच विषयावर, राजसत्तेने सुमारे एकोणीस शतकांपूर्वी घेतलेला एक निर्णय दगडात कोरलेला आहे. तेथून प्रारंभ करणे सयुक्तिक ठरेल.

वलुरकाचा संघ आणि राजाज्ञा

कार्ल्याच्या लेण्यांचे शिलालेखांतील नाव ‘वलुरक’ असे आहे. तेथील चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद असून त्यात ३७ स्तंभ आहेत. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातील बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल याने हे शैलगृह पूर्ण केले आणि ते जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे असे अभिमानाने लिहवून ठेवले. तथापि एका धनिकाच्या कर्तृत्वाचे हे स्मारक नव्हे. प्रवेशद्वाराजवळचा सिंहस्तंभ महारथी अग्निमित्रणक याची देणगी आहे. आतील स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांची नावे आहेत, सोपाऱ्याच्या सातिमित या भाणकाने धातू म्हणजे पवित्र अवशेष ठेवलेला स्तंभ दिल्याची नोंद आहे. धेनुकाकटचा गंधी सिंहदत्त आणि सुतार सामी यांच्या देणग्या आहेत. वेदिकांची दाने देणाऱ्यांत भिक्षुणीही आहेत. व्यापारी, कारागीर, परदेशी, स्त्रिया, संन्यस्त आणि सरदार अशा एका विस्तृत समाजाने हे स्थळ उभे केले. समुदायस्थळ या शब्दाला याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण आहे.

या समुदायाच्या चरितार्थाची सोय राजसत्तेने केली. क्षहरात नहपानाचा जामात उषवदात याने करजिक हे गाव वलुरकच्या लेण्यांत राहणाऱ्या, चारी दिशांच्या प्रव्रजितांच्या संघाला दिल्याचा लेख चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर आहे. याच लेखात त्याने देव व ब्राह्मण यांना सोळा गावे दिल्याचा आणि प्रभासतीर्थी ब्राह्मणांना केलेल्या दानाचाही उल्लेख आहे. म्हणजे दाता एका पंथाचा अनुयायी म्हणून दान देत नव्हता. राज्यातील सर्व धार्मिक समुदायांना मान्यता देणे हे राजकर्तव्य आहे, अशा भूमिकेतून तो वागत होता.

पुढे सातवाहनांनी क्षहरातांचा पाडाव केला. त्यानंतरचा जो लेख कार्ल्यास आहे तो प्रशासनाच्या इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. राजाचे नाव असलेला भाग झिजला असला तरी अनेक अभ्यासक तो गौतमीपुत्र सातकर्णीचा मानतात. हा लेख म्हणजे मामाल येथील अमात्यास पाठविलेली आज्ञा होय. करजक गाव वलुरक लेण्यांतील महासांघिक भिक्षूंना ‘भिक्षुहल’ म्हणून देण्यात आले असून त्या भूमीस सर्व परिहार लागू होतील, असे त्यात सांगितले आहे. राजसेवकांनी तेथे प्रवेश करू नये, कोणत्याही प्रकारे हस्तक्षेप करू नये, अशा सवलतींची ही यादी आहे. करजक हे नाव कामशेतजवळील करंजगावाची आठवण देते. ‘मामाल’ म्हणजे आजचे मावळ, याविषयी फारसे दुमत नाही.

या आज्ञेकडे केवळ दानपत्र म्हणून पाहिले तर तिचा अर्धाच अर्थ हाती येतो. जुन्या राजवटीने दिलेले गाव नव्या राजवटीने काढून घेतले नाही. ते नव्या अटींसह पुन्हा दिले, त्याची सूचना स्थानिक अधिकाऱ्यास लेखी पाठविली आणि ती सूचना लाभार्थी समुदायाच्या दारातच कोरली. मान्यता कोणाला, कोणत्या भूमीवर, अधिकाऱ्यांवर कोणती बंधने, हे तिन्ही मुद्दे एकाच लेखात स्पष्ट झाले. पुढे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या सातव्या राज्यवर्षी महारथी सोमदेव यानेही वलुरक संघाला एक गाव दिले. त्याच राजाच्या चोविसाव्या वर्षी अबुलामाचा रहिवासी हरफरण याने महासांघिकांसाठी नऊ खोल्यांचा मंडप दिला. शासनाने समुदाय मान्य केला, मग समाजाने त्यात भर घातली, असा हा क्रम आहे.

भाज्याच्या लेण्यांत राजाज्ञा नाही. तेथे समुदायाची दुसरी खूण आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरल्या गेलेल्या या समूहात चैत्यगृहाच्या बाजूला लहानमोठ्या चौदा स्तूपांचा एक गट आहे. काही आत, काही उघड्यावर. त्यांपैकी काहींवर अंपिकिणक, धम्मगिरी, संघदिन या स्थविरांची नावे आहेत. दिवंगत ज्येष्ठ भिक्षूंची ही स्मारके होत. ज्या संघाने आपल्या मृतांची नावे अशी जपली त्या संघाचा स्वतःच्या परंपरेविषयीचा जिव्हाळा येथे दिसतो. पर्यटकांच्या माहितीपुस्तिकांत मात्र या स्तूपांना चैत्याच्या लाकडी कमानी आणि विहारातील शिल्पपट यांच्यानंतरच जागा मिळते.

खंड आणि सातत्य

भिक्षुसंघाचा या डोंगरांवरील वास केव्हातरी संपला. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर महायान काळातील बुद्धप्रतिमा नंतर कोरल्या गेल्या, त्यामुळे इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांपर्यंत तेथे काही हालचाल होती असे दिसते. त्यानंतर लेण्यांचा मूळ उपयोग विस्मरणात गेला. पांडवांनी एका रात्रीत लेणे कोरले ही कथा महाराष्ट्रातील असंख्य लेण्यांप्रमाणे येथेही सांगितली जाते. विस्मरण संपूर्ण मात्र नव्हते. कार्ल्याच्या पायथ्याचे गाव वेहेरगाव या नावाने ओळखले जाते आणि हे नाव ‘विहार’ या शब्दावरून आले आहे. धर्म लोप पावला तरी शब्द गावाच्या नावात राहिला.

स्थळ निर्जनही झाले नाही. चैत्यगृहाच्या दाराशी, दुसरा सिंहस्तंभ जेथे असावा असे मानले जाते त्या जागी, एकवीरा देवीचे मंदिर उभे आहे. मुंबई, ठाणे, रायगड या किनारपट्टीतील कोळी आणि आगरी समाज, तसेच चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, पाठारे प्रभू आदी ज्ञातींतील अनेक कुटुंबे तिला कुलस्वामिनी मानतात. देवीस यमाई असेही म्हणतात, तिचा संबंध रेणुकेशी जोडला जातो. चैत्र शुद्ध सप्तमीचा पालखीसोहळा आणि नवरात्र हे मोठे उत्सव होत.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी या सहवासाकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम गंभीरपणे वेधले. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात त्यांनी पश्चिम दख्खनमधील मातृदेवतांची ठाणी, जुने व्यापारी मार्ग आणि बौद्ध लेणी यांचा परस्परसंबंध दाखविला. घाट चढून येणारे मार्ग जेथे मिळतात तेथे आधीपासून देवीची ठाणी होती आणि भिक्षूंनी आपल्या वसतीसाठी अशाच जागा निवडल्या, असे त्यांचे प्रतिपादन होते. चैत्यातील स्तूपालाही देवीचे रूप मानून काही कोळी भाविक वंदन करतात, हे त्यांनी नोंदविले. कोसंबींचा सिद्धान्त सर्वच तपशिलांत स्वीकारावा असे नाही. ठाणे आधी की लेणे आधी, हे प्रत्येक स्थळाबाबत सिद्ध करता येत नाही. तरीही त्यांच्या निरीक्षणाने एक सोपी समजूत कायमची अडचणीत आणली : कार्ल्याचे देऊळ हे लेण्यावर झालेले निव्वळ अतिक्रमण आहे, ही ती समजूत. त्याच निरीक्षणाने उलट बाजूची समजूतही तितकीच अडचणीत येते. देऊळ अनादी असून लेणे हा त्याचा परिसर आहे, असे म्हणायलाही आधार उरत नाही.

उपासकांच्या सततच्या वावराने स्थळ टिकते की झिजते, या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही. कार्ल्याच्या चैत्याच्या छतातील सागवानी कमानी आणि स्तूपावरील लाकडी छत्र आजही जागेवर आहेत. बेडशाच्या चैत्यातील लाकूडकाम पूर्णपणे नाहीसे झाले आहे. तेथे देवीचे मोठे ठाणे नव्हते, यात्रा भरत नव्हती. यावरून यात्रेनेच कार्ले राखले असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु भाज्याच्या चैत्यातही लाकडी कमानी शिल्लक आहेत आणि तेथे एकवीरेसारखी यात्रा नाही. तेव्हा हा युक्तिवाद अर्ध्यावरच थांबतो. बेडशाबाबत एवढे मात्र निश्चित की तेथील हानीस अधिकारीवर्गाचा उत्साहही कारणीभूत झाला. १८६१ च्या सुमारापर्यंत वरिष्ठांच्या भेटीच्या निमित्ताने लेणे स्वच्छ करून रंगविण्याची स्थानिक अधिकाऱ्यांची रीत होती आणि त्यात जुन्या चित्रकामाचे अवशेष गेले. अज्ञ ग्रामस्थांनी नासधूस केली, शासनाने वाचविले, हे पाठ्यपुस्तकी चित्र निदान मावळापुरते तपासून घ्यावे लागते.

वसाहतकालीन मान्यता

लॉर्ड व्हॅलेन्शिया आणि त्याचा चित्रकार सहकारी हेन्री सॉल्ट यांनी १८०४ मध्ये कार्ल्यास भेट दिली. त्यानंतर युरोपीय प्रवाशांचा ओघ वाढत गेला. जेम्स फर्ग्युसनने १८४३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातील लेण्यांवर निबंध वाचला. त्या संस्थेने ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाकडे लेण्यांच्या जतनाचा आग्रह धरला. त्यातून १८४८ मध्ये मुंबईत लेण्यांसाठी आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्ष जॉन विल्सन होते. विल्सन हे मिशनरी होते, आणि ज्या धर्मांच्या खंडनात त्यांनी आयुष्य वेचले त्यांच्याच स्थळांची पहिली पद्धतशीर सूची त्यांच्या देखरेखीखाली झाली. या विसंगतीत त्या काळच्या ज्ञानव्यवहाराचे स्वरूप दिसते. स्थळ अभ्यासायचे, त्यामागील श्रद्धेला मात्र गतकालीन मानायचे.

१८५८ मध्ये खंडाळा-पुणे लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटातील चढाचा मार्ग पूर्ण झाला. मुंबईचा प्रवासी आणि मुंबईचा कोळी भाविक, दोघांनाही कार्ले एकाच गाडीने जवळ आले. जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारताच्या पुरातत्त्वीय सर्वेक्षणाची सूत्रे हाती घेतल्यावर १८८० मध्ये फर्ग्युसन यांच्यासह ‘केव्ह टेम्पल्स ऑफ इंडिया’ आणि १८८१ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांच्यासह लेण्यांतील शिलालेखांचा संग्रह प्रसिद्ध केला. भगवानलाल इंद्रजींचा उल्लेख अशा ठिकाणी बहुधा सहकारी म्हणून येतो. ब्राह्मी लेखांच्या वाचनातील त्यांचा वाटा पाहता तो अपुरा आहे.

लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत १९०४ चा प्राचीन स्मारक जतन कायदा झाला. मावळातील लोहगड २६ मे १९०९ रोजी या व्यवस्थेखाली संरक्षित झाला, आणि परिसरातील लेणीही तिच्या कक्षेत आली. या कायद्याने स्मारकाची जी व्याख्या केली तिचा गाभा पुढे स्वतंत्र भारताच्या कायद्यातही कायम राहिला. वास्तू, लेणे, शिल्प, शिलालेख इत्यादी काही ‘ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक’ महत्त्वाचे असेल तर ते स्मारक. या तीन विशेषणांत ‘धार्मिक’ हे विशेषण नाही. वसाहतवादी शासनाला धार्मिक तंट्यांपासून दूर राहायचे होते, म्हणून ते वगळले असावे. उपासनेला कायद्यात जागा मिळाली, पण ती व्याख्येत नव्हे. स्मारकाचा काही भाग पूजेसाठी वापरात असेल तर तो अपवित्र होऊ न देण्याची तरतूद एका स्वतंत्र कलमात झाली. परिणामी कार्ल्याचे चैत्यगृह कलाकृती म्हणून मान्य झाले. देवीचे देऊळ त्याच्याशेजारचे पूजास्थान म्हणून सहन केले गेले. आणि भिक्षुसंघ, ज्याच्यासाठी हे सारे कोरले गेले, तो केवळ इतिहासाचा विषय झाला, कारण त्या वेळी त्याच्या वतीने बोलणारा या प्रदेशात कोणी नव्हता.

स्वातंत्र्योत्तर कायदा आणि परत आलेला समुदाय

ही शेवटची परिस्थिती विसाव्या शतकाच्या मध्यास बदलली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथील विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. देहूरोड हे मळवलीच्या लोहमार्गावरचेच गाव. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षेचा सोहळा झाला. मावळातील लेण्यांना पंधरा शतकांनंतर पुन्हा एक जिवंत बौद्ध समाज लाभला. या समाजाला कार्ले-भाजे ही केवळ पाहण्याची स्थळे नाहीत, वंदनेची स्थळे आहेत. दुर्दैव असे की नेमक्या याच काळात नवा कायदा आकार घेत होता आणि त्याच्या रचनेत या बदलाचे प्रतिबिंब पडले नाही.

१९५१ च्या अधिनियमाने पूर्वीची संरक्षित स्मारके राष्ट्रीय महत्त्वाची ठरली. १९५८ मध्ये प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम संमत झाला. राज्य संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९६० मध्ये स्वतःचा अधिनियम केला. केंद्रीय अधिनियमाचे सोळावे कलम सांगते की केंद्र शासनाच्या देखभालीखालील स्मारक पूजास्थान असेल तर त्याच्या स्वरूपाशी विसंगत असा वापर होऊ नये. पूजेच्या भागाचे पावित्र्य राखण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर आहे, आणि त्यासाठीच्या अटी धार्मिक व्यवस्था पाहणाऱ्यांच्या संमतीने ठरवाव्यात असेही ते कलम म्हणते. १९५९ च्या नियमांतील सातवा नियम संरक्षित स्मारकात परवानगीवाचून सभा, समारंभ भरविण्यास मनाई करतो. मात्र मान्यताप्राप्त धार्मिक वहिवाटीनुसार किंवा रूढीनुसार होणारे कार्यक्रम त्यातून वगळतो.

‘मान्यताप्राप्त वहिवाट’ हे शब्द या साऱ्या व्यवस्थेची कळ आहेत. कार्ल्यास या शब्दांनी कोणाला काय मिळते? एकवीरेची यात्रा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असल्याने ती वहिवाट ठरण्यास अडचण नाही. बौद्ध उपासकाची स्थिती अवघड आहे. चैत्यगृह ज्या उपासनेसाठी बांधले गेले तीच उपासना तो करू इच्छितो, परंतु मधल्या खंडामुळे त्याची वहिवाट अलीकडची दिसते. मूळ प्रयोजन त्याच्या बाजूने आहे, सातत्य दुसऱ्याच्या. ज्याचा मूळ हक्क शाबीत करणारा शिलालेख भिंतीवर आहे, त्याला रूढीचा पुरावा द्यावा लागतो, ही स्थिती न्याय्य म्हणता येत नाही. अधिकारी बहुधा व्यवहारचातुर्याने मार्ग काढतात : शांतपणे वंदन करणाऱ्यास कोणी अडवीत नाही. पण अधिकाऱ्याच्या सौजन्यावर चालणारी सोय आणि मान्य हक्क यांत अंतर आहे. सातवाहन राजाने अमात्याला लेखी आज्ञा पाठविली होती, ती याच कारणासाठी.

पुणे जिल्ह्यातच या प्रश्नाचे दुसरे रूप लेण्याद्रीस आढळते. जुन्नरजवळील या बौद्ध लेणीसमूहातील सातव्या लेण्यात, म्हणजे मूळच्या विहारात, अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे स्थान आहे. तेथे देवालय आणि स्मारक एकाच कातळात असल्याने देवदर्शनास जाणाऱ्यासही पुरातत्त्व विभागाचे शुल्क द्यावे लागते. कार्ल्यास दोन्ही वास्तू शेजारी पण वेगळ्या, म्हणून लेण्यात जाणारा तिकीट घेतो आणि देवीला जाणारा रांगेत उभा राहतो. एकाच अंगणात दोन दारे असल्याने तंटा टळतो. तो सुटतो असे नाही.

१९९१ च्या प्रार्थनास्थळ अधिनियमाचाही येथे विचार करावा लागतो. १५ ऑगस्ट १९४७ रोजी प्रार्थनास्थळाचे जे धार्मिक स्वरूप होते ते कायम राहील, असे त्याचे तत्त्व आहे. तथापि १९५८ च्या अधिनियमाखालील प्राचीन स्मारके त्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. त्यामुळे लेण्यांच्या धार्मिक स्वरूपाविषयी जे काही ठरवायचे ते पुरातत्त्व कायद्यानेच ठरवायचे आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत तर धर्माचे नाव नाही.

बोधगया येथे वेगळा मार्ग चोखाळला गेला. १९४९ च्या बोधगया मंदिर अधिनियमाने हिंदू व बौद्ध सदस्यांची समिती नेमून जिल्हाधिकाऱ्यास तिचे अध्यक्षपद दिले. ही रचना आदर्श आहे असे नाही, तिच्याविषयी बौद्धांच्या तीव्र तक्रारी आजवर चालू आहेत. पण तेथे निदान समुदायांची नावे कायद्यात आहेत. कार्ल्यास मंदिराचा विश्वस्त कारभार सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली, लेण्याचा पुरातत्त्व विभागाखाली, पायथ्याचा ग्रामपंचायतीखाली. डोंगर एक आणि त्याचा विचार एकत्र करणारे स्थान एकही नाही.

अंतर, बांधकाम आणि गर्दी

१६ जून १९९२ च्या अधिसूचनेने संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर क्षेत्र निषिद्ध व त्यापुढील २०० मीटर नियंत्रित ठरविले. २०१० च्या दुरुस्तीने या मर्यादांना अधिनियमातच स्थान मिळाले आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण अस्तित्वात आले. एकवीरेचे मंदिर चैत्यगृहाच्या दारातच असल्याने ते या निषिद्ध अंतराच्या आत येते. त्याची दुरुस्ती करायची तर परवानगी हवी, नवे बांधकाम तर शक्यच नाही. भाविकांच्या दृष्टीने ही जाचक अट आहे : देवी आमची, उत्सव आमचा, आणि मंडपाची परवानगी दुसऱ्याकडे. लेण्याच्या दृष्टीने तीच अट प्राणरक्षक आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाल्यानंतर लोणावळा परिसरात जी बांधकामे झाली ती पाहता, ही मर्यादा नसती तर डोंगराच्या माथ्यापर्यंत काय पोहोचले असते याची कल्पना करणे कठीण नाही. भाविकांसाठी रज्जुमार्गाचा प्रस्तावही अलीकडच्या वर्षांत पुढे आला. वृद्धांची सोय हा त्यामागील हेतू खरा आहे. वर येणाऱ्यांची संख्या त्यामुळे वाढेल, हेही तितकेच खरे. वर जागा मात्र जेवढी भूतपालाच्या काळी होती तेवढीच आहे.

मान्यता मिळते तेव्हा स्थळाच्या एकाच थराला मिळते, याचे सर्वांत ठळक उदाहरण मळवलीच्या दुसऱ्या बाजूला आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या शीर्षकाखाली बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांत लोहगड आहे. गौरव यथार्थ आहे. परंतु लोहगडाच्या अंगावर याहून जुनी अक्षरे आहेत. २०१९ मध्ये तेथील एका गुहेत प्राचीन ब्राह्मी लेख उजेडात आला. अर्हतांना नमन करून प्रारंभ होणाऱ्या या लेखात इदरखित म्हणजे इंद्ररक्षित याने केलेल्या दानाची नोंद आहे. हेच नाव मावळातीलच पाले येथील लेखात आहे. पाल्याचा लेख विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासकांसमोर आला, हसमुख सांकलिया व शोभना गोखले यांनी तो प्रसिद्ध केला. लेणे व पाण्याचे पोढे खोदविल्याची माहिती देणारा तो लेख महाराष्ट्रातील जैन परंपरेच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत गणला जातो. लोहगडावर मध्ययुगीन कबरही आहे, तिच्या उरुसाचा प्रश्न अलीकडे प्रशासनापुढे आला, आणि तेथेही वाद ‘मान्यताप्राप्त वहिवाट’ कोणती याचाच होता. श्रमण, मुसलमान आणि मराठे या तिघांच्या खुणा एका गडावर असता जागतिक यादीतील शीर्षक फक्त लष्करी आहे. शीर्षकाला मर्यादा असणारच. स्थानिक माहितीफलकाला ती असण्याचे कारण नाही.

वहिवाटीची नोंद

२०१० च्या दुरुस्तीने प्रत्येक संरक्षित स्मारकासाठी वारसा उपविधी तयार करण्याची तरतूद केली आहे. आजवर अशा उपविधींत प्रामुख्याने इमारतींची उंची, दर्शनी भाग, जलनिःसारण यांचा विचार होतो. धार्मिक वहिवाटीचा तपशील त्यात नोंदविण्यास कायद्याची आडकाठी दिसत नाही. कार्ल्यापुरते बोलायचे तर पालखीचा मार्ग कोणता, वाद्ये कोठपर्यंत, नैवेद्य व दिवे कोठे, नवसाचे विधी पायथ्याशी कोठे, उत्सवकाळात चैत्यगृहाचे दार कोणत्या वेळी उघडे, बौद्ध वंदनेसाठी कोणती वेळ व किती जण, या बाबी लेखी ठरविता येतील. त्या ठरविताना देवस्थानाचे विश्वस्त, कोळीवाड्यांचे प्रतिनिधी, बौद्ध संघटना आणि वेहेरगावचे ग्रामस्थ एका बैठकीत असावे लागतील. पुरातत्त्व विभागाला अशी बैठक घेण्याची सवय नाही. स्मारकाचे मोजमाप घेणारा अधिकारी त्याच्याकडे असतो, वहिवाटीचे मोजमाप घेणारा नसतो. या कामी मावळ व पुणे येथील महाविद्यालयांच्या इतिहास आणि समाजशास्त्र विभागांना वाटा उचलता येईल. यात्रेला येणाऱ्या कुटुंबांच्या स्मरणातील जुने मार्ग, मुक्काम, मानकरी यांची नोंद अद्याप विस्कळीत आहे, आणि ती ज्यांच्याजवळ आहे ती पिढी वृद्ध झाली आहे.

अशा नोंदीला विरोधही होईल. लेखी झालेली वहिवाट गोठते, तिच्यात पुढे बदल करणे कठीण होते, आणि जो गट बैठकीत नव्हता तो कायमचा बाहेर राहतो, हे आक्षेप वजनदार आहेत. वलुरकच्या लेखातही महासांघिकांचे नाव आले आणि इतर निकायांचे आले नाही. उषवदाताने मात्र आपले दान चारी दिशांच्या संघाला दिले होते, कोणत्याही एका निकायाला नव्हे. दोन्ही लेख आज त्याच चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर वाचता येतात.